‘युवरसेल्फ’ची पंगत

जेवणाच्या टेबलावर आत्मवाचक सर्वनाम ठेवू नये, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

त्याआधी कळायचं काही कारणच नव्हतं. शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि त्यातही माझा हातखंडा विषय म्हणजे मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ ही मंडळी. बिबवेवाडीत आजही एखादा टक्कल पडलेला माजी विद्यार्थी मला लांबून पाहून रस्ता ओलांडतो, तो आदराने. (माझी बायको सुलभा म्हणते, धास्तीने. पण ती बँकेत होती, तिला व्याकरणातलं काय कळणार!) ‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी कोणी ओळख करून दिली की मी त्याला दारातच थांबवतो, दुरुस्त करतो आणि मगच आत घेतो. गॅस सिलिंडर घेऊन येणारे गृहस्थ हल्ली नुसती बेल वाजवून जिन्यात उभे राहतात.

या ‘सेल्फ’चं घराणं जुनं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं काम एवढंच होतं, की बोलण्यावर जोर द्यायचा: तोच तो, दुसरा कोणी नव्हे! स्वतःचं स्वतःला काही करून घ्यायचं असेल तर साधं ‘हिम’ पुरायचं. पण मग ‘त्याने त्याला बदडलं’ म्हटल्यावर स्वतःला की शेजाऱ्याला, हे कळायला शेजाऱ्याकडे जावं लागे. म्हणून हळूहळू ‘सेल्फ’ला सर्वनामाला कायमचं चिकटवलं. बरं, चिकटवलं तेही एका रीतीने नाही! मायसेल्फ, युवरसेल्फमध्ये ‘माझा’, ‘तुझा’ असा मालकी हक्क, आणि हिमसेल्फमध्ये मात्र ‘त्याला’. एकाच घरात दोन जावांच्या दोन तऱ्हा! आणि ‘सेल्व्ह्ज’ हे अनेकवचन तर फार उशिरा आलं. हे सगळं मी पाहुण्यांना सांगतो, आणि सांगून होईपर्यंत त्यांचा चहा गार झालेला असतो.

तर माझी मुलगी केतकी. कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते. काय करते ते तिने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी तिची क्रियापदं सुधारली. तिने तिच्याच ऑफिसातला अभिजित पसंत केला. पहिल्या भेटीत तो म्हणाला, “हॅलो सर, मायसेल्फ अभिजित.” केतकीने डोळे मिटून घेतले. मी चष्मा वर केला. मुलाने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि म्हणाला, “आय अ‍ॅम अभिजित.” स्वतःहून सुधारणारा मुलगा! माझा होकार तिथेच झाला.

अडचण होती ती त्याच्या आईची. अभिजितचं घर लोणी काळभोरला. ऊस, म्हशी, ट्रॅक्टर, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारं घर. वडील अंकुशराव मोकळा माणूस, पण शकुंतलाबाईंनी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, “पोरगी गुणाची हाय. पर पुण्याच्या पाहुणचाराचं मी लई ऐकलंय. एकदा त्यांच्या घरी जेवून बघते. वाढणाऱ्याचा हात कसा चालतोय त्यावरनं घर कळतं.”

म्हणजे लग्न ठरणार की मोडणार, हे आमच्या घरच्या एका जेवणावर होतं. केतकीने मला समोर बसवून बजावलं, “बाबा, प्लीज. त्या दिवशी इंग्लिश नको. फक्त जेवण. ओके?”

“ओके हा शब्दसुद्धा—”

“बाबा!”

मी चष्मा पुसायला घेतला. पण डोक्यात एक विचार पक्का झाला होता, आणि तो चांगला विचार होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या लग्नापासून मी पाहत आलो होतो: घरी पाहुणे आले की सुलभा वाढत राहते. बँकेतून दमून आलेली असो, ताप असो, हिची पदर खोचलेली फेरी सुरूच. सगळे जेवून सुपारी कातरायला लागले की ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गार पोळी खाते. पुरणपोळी तर तिच्या हातची अशी, की माझे मेहुणे वारज्याहून बस बदलून येतात. आणि ती तव्यावरून थेट पानात कशी लागते, हे फक्त सुलभालाच माहीत नाही! तेव्हा या वेळी तिने पाहुण्यांबरोबर बसून गरम जेवायचं, असं मी ठरवलं. आणि त्यासाठी माझ्याजवळ इंग्रजीतलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं: हेल्प युवरसेल्फ. (इथे ‘हेल्प’ म्हणजे मदत नव्हे, वाढणं. फार जुना अर्थ आहे. पण ते असो.)

“म्हणजे बुफे?” सुलभाने विचारलं.

“बुफे हा फ्रेंच शब्द झाला. तत्त्व इंग्रजी आहे. ज्याने त्याने आपल्या भुकेप्रमाणे घ्यायचं. कोणाचा कोणावर जुलूम नाही. तू सोफ्यावर बसायचं आणि वाढायला उठायचं नाहीस. शब्द दे.”

“दिला,” सुलभा म्हणाली. “आता आभाळ कोसळलं तरी उठणार नाही. मग मला हाका मारू नका.”

मी कामाला लागलो. पांढरा पुठ्ठा आणला, निळी शाई काढली आणि वळणदार अक्षरात मधोमध इंग्रजीत ‘हेल्प युवरसेल्फ’ लिहिलं. केतकी म्हणाली, पाहुणे पुष्कळ आहेत तर ‘युवरसेल्व्ह्ज’ नको का? मी म्हटलं, आपण प्रत्येक पाहुण्याशी स्वतंत्रपणे बोलतो आहोत. शकुंतलाबाईंना इंग्रजी येत नाही हे लक्षात घेऊन खाली मराठीतही लिहिलं, ‘कृपया आपले आपण वाढून घ्यावे.’ तरी जागा उरली. मोकळी जागा मला बघवत नाही. म्हणून आणखी एक ओळ टाकली, ‘आग्रह केला जाणार नाही.’

“अहो, ही पाटी आहे की नोटीस?” सुलभा म्हणाली.

पाहुणे रविवारी दुपारी आले. सोलापूर रस्त्यावरच्या गर्दीने त्यांची जीप चांगलीच रखडली होती, म्हणजे भूक कडकडून लागलेली. अंकुशराव, शकुंतलाबाई, अभिजित आणि मामा-मामी, काका धरून दिवाणखाना भरला. टेबलावर सगळं मांडलेलं: पुरणपोळ्यांची चळत, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कुरडया आणि तुपाचं मोठं वाडगं. वास असा सुटला होता की खालच्या मजल्यावरचे जोशी विनाकारण पेपर मागायला येऊन गेले. मी पाटीजवळ उभा राहिलो आणि हात पसरून म्हणालो, “हं, आता हेल्प युवरसेल्फ!”

कोणी हललं नाही.

अंकुशरावांनी पाटी वाचली. मोठ्याने वाचली. “आग्रह... केला... जाणार... न्हाई.” थोडं थांबून म्हणाले, “बरं.”

शकुंतलाबाईंनी मुलाला कोपराने ढोसलं. “काय लिवलंय रं?”

“आई, ते... आपल्या हातानं घ्यायचं.”

“म्हंजी घरात वाढायला कुणी न्हाई?”

सुलभा सोफ्यावर ताठ बसली होती. दोन्ही हातांनी तिने पदराचं टोक असं धरलं होतं, जसं काही ते सोडलं की हात आपोआप पळीकडे जातील. केतकी माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर मी मार्क कापल्यावर पालकांच्या डोळ्यांत पाहिलेली आहे.

मग मामांनी काकांना म्हटलं, “घ्या की.” काका म्हणाले, “छे छे, तुमी मोठे.” “न्हाई न्हाई, आदी तुमी.” “असं कसं, दादा हायेत!” दादा म्हणजे अंकुशराव. ते म्हणाले, “मला काय घाई न्हाई.” भुकेने त्यांचा आवाज खोल गेला होता. व्याह्याच्या घरी पहिल्या जेवणाला स्वतःच्या हाताने भांड्यात पळी घालायची, हे त्या खोलीतल्या एकाही माणसाला सुचणारं नव्हतं. आणि मी? मी ‘घ्या ना’ एवढं म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण पाटी माझ्याच अक्षरात होती!

शांतता फार वाढली तेव्हा मी ती भरून काढली. कशाने, हे सांगायला नको. ‘सेल्फ’चा जुना अर्थ सांगितला. जोर देणं सांगितलं. दोन जावा सांगितल्या. पुरणपोळ्या निवत होत्या, आमटीवर साय धरत होती आणि मी ‘हिमसेल्फ’पर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात अंकुशरावांचा चेहरा उजळला.

“सर, ह्यो सेल्फ म्हंजी ट्रॅक्टरला आसतो तोच का?”

“अं... हो. तोच. आपलं आपण सुरू होणं.”

“आमचा गेलाय,” ते म्हणाले. “आता धक्का द्यावा लागतो. धक्क्याबिगर हलत न्हाई.” आणि त्यांनी सगळ्या पाहुण्यांवरून सावकाश नजर फिरवून ती माझ्यावर आणून ठेवली. एवढी स्पष्ट सूचना मला सबंध नोकरीत कोणी केली नव्हती. मी म्हणालो, “नवी बॅटरी टाकून बघा.”

शेवटी अभिजितने पुढाकार घेतला. बिचाऱ्याने ताटं उचलून एकेकाच्या हातात दिली. पाहुणे रांगेने टेबलाकडे गेले, आणि तिथे दुसरा घोटाळा झाला. स्वतःच्या हाताने घ्यायचं म्हटल्यावर जास्त कोण घेणार? हावरट दिसेल! मामांनी पोळी घेतली, तिचे दोन भाग केले आणि अर्धी परत ठेवली. मामींनी ती ठेवलेली अर्धी घेतली. भात एवढा घेतला गेला, की ताटात पडलाय की सांडलाय ते कळेना. आणि तुपाला तर कोणी हातच लावला नाही. तूप हा पदार्थ मुळी स्वतःला वाढून घ्यायचाच नव्हे! ते दुसऱ्याने वाढायचं, आपण ‘पुरे, पुरे’ म्हणत ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून धार सोडायची. ‘पुरे’ कोणाला म्हणणार? युवरसेल्फला?

मी स्वतः आदर्श म्हणून एक अख्खी पोळी घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. कोणीच प्रभावित झालं नाही.

तरी मला वाटत होतं, पहिला घास पोटात गेला की लोक मोकळे होतील. घास गेला. अर्धी पोळी संपायला वेळ लागत नाही. आणि मग तिसरी, सगळ्यात मोठी भानगड माझ्या ध्यानात आली. खोलीभर माणसं उभी होती. डाव्या हातात ताट. उजवा हात पुरणाने, आमटीने बरबटलेला. खरकट्या हाताने पळीला शिवायचं नाही. डाव्या हाताने वाढून घ्यायचं नाही, आणि घेऊ म्हटलं तरी ताट कुठे ठेवणार? सगळे आपापला उजवा हात अधांतरी धरून टेबलाकडे बघत उभे! भूक आहे, अन्न आहे, हात आहेत, आणि घेता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की या सर्वनामाचा उगम मी आजवर चुकीच्या जागी शोधत होतो. तो जुन्या इंग्रजीत नाही, तो काट्या-चमच्यात आहे! ज्यांचा उजवा हात जेवतानाही कोरडा राहतो, त्यांनाच ‘युवरसेल्फ’ परवडतं. शोध मोठा होता. मी तो जाहीर करायला तोंडही उघडलं, पण केतकीने पाहिलं आणि मी ते मिटलं.

सुलभाला मात्र आता राहवेना. ती अर्धी उठली. आणि मी (माझी बुद्धी बघा!) लांबूनच तिला हाताने खूण केली, ‘खाली बस!’

ती बसली. पण ती खूण शकुंतलाबाईंनी पाहिली.

त्यांनी ताट खाली ठेवलं. बेसिनकडे गेल्या, हात धुतला, परत आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “अभिजित, गाडी काढ.”

“आई, अगं—”

“पावण्यांनी जेवू नये म्हणून जो बायकोला उटू देत न्हाई, त्या घरात सोयरीक न्हाई करायची. पोरीचा दोष न्हाई. पर माणसं वळखायची आसत्यात.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिजित तिच्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघू लागला. मुलीचं लग्न माझ्यासमोर मोडत होतं, आणि मोडणारी पाटी मी निळ्या शाईने स्वतः लिहिली होती.

“थांबा!” मी ओरडलो. वर्गात ओरडायचो तसा. जीपच्या किल्ल्या अभिजितच्या हातातून पडल्या. “तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, पण हे नाही! अहो, ही बाई लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहुण्यांबरोबर एकदाही जेवायला बसलेली नाही. इतक्यांना गरम पोळी वाढली हिने, आणि स्वतः कायम गार खाल्ली. मला लाज वाटते त्याची. म्हणून म्हटलं, आज हिने उठायचं नाही. आज हिने बसून गरम जेवायचं. पाटी त्यासाठी होती. मला दुसरं काही सुचलं नाही, इंग्रजीच सुचलं!”

सुलभा माझ्याकडे बघत होती. हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, “अहो, मग असं साधं सांगायचं ना.” आणि पदराचं टोक तिने सोडलं, ते डोळ्यांना लावायला.

शकुंतलाबाईंनी पदर खोचला.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तवा तापवा. पोळ्या गार झाल्यात.”

अंकुशराव खरंच आत गेले! हात धुऊन, बाह्या सरसावून, आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून पोळ्या गरम करू लागले. शकुंतलाबाईंनी सुलभाला हाताला धरून टेबलाशी बसवलं, ताट समोर ठेवलं, तव्यावरची पोळी आणून त्यात घातली आणि तुपाचं वाडगं उचललं.

“अहो, नको, तुम्ही पाहुण्या,” सुलभा कासावीस झाली. “पुरे, पुरे—”

“हात काडा,” शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि तिच्या बोटांमधून तुपाची धार सोडत म्हणाल्या, “जेवा पोटभर, विहीणबाई.”

विहीणबाई! तो शब्द आधी केतकीने ऐकला, मग अभिजितने, आणि व्याकरणाचा शिक्षक असून मी सगळ्यात शेवटी. सुलभाने घास घेतला. डोळे मिटले. म्हणाली, “बाई गं, अशी लागते होय ही!”

मग काय विचारता! हात धुतलेला प्रत्येक जण वाढप्या झाला. मामा काकांना वाढताहेत, काका मामींना, “माझी शप्पत हाय!”, “अर्दी तरी!”, “भातावर तूप न्हाई? हे काय जेवण झालं?” आमच्या सोसायटीत असा आग्रह कधी झाला नव्हता, खालचे जोशी परत पेपर मागायला आले आणि त्यांनाही दोन पोळ्या बसल्या. शकुंतलाबाईंचा हात असा चालत होता, की मला माझ्या घराचा अभिमान वाटला. वास्तविक घरच्यांपैकी कोणीच वाढत नव्हतं, पण अभिमान वाटला.

मीही ताट घेऊन एका कडेला उभा होतो. उजवा हात खरकटा. अख्खी पोळी खाऊन बराच वेळ झाला होता. शकुंतलाबाई पोळी घेऊन माझ्याकडे वळल्या, तर अंकुशराव आतून ओरडले, “सरांना वाढू नगा! त्ये सोता घेत्यात. त्यांचं तत्त्व हाय.”

“अगं बाई, इसरलेच!” त्या म्हणाल्या, आणि ती पोळी जोशींना गेली.

मी आशेने सुलभाकडे पाहिलं. ती दुसरी पोळी जेवत होती. तिने मला पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि गोड हसून म्हणाली, “मी उठले असते हो. पण शब्द दिलाय ना.”

लग्न थाटात झालं. केतकी सुखात आहे, आणि लोणी काळभोरला हल्ली माझ्या नावाने एक चालीरीतच पडली आहे: स्वयंपाक झाला की एरवी वाढणाऱ्या बायका आधी बसतात आणि पुरुष वाढतात. अंकुशराव तिला ‘सरांची पंगत’ म्हणतात. सबंध नोकरीत मी भाषेला काही दिलं नसेल, पण एका गावाला पंगत दिली, याचा मला रास्त अभिमान आहे. आमच्या घरीही तोच नियम. पाहुणे आले की सुलभा त्यांच्याबरोबर बसते, गरम जेवते, आणि वाढतो मी. आता माझाही हात बरा चालतो. फटीतून तुपाची धार सोडायला तर मी चांगलाच सरावलोय.

आणि सगळे जेवून सुपारी कातरायला लागले, की मी स्वयंपाकघरात जातो, गार पोळी हातात घेतो आणि उभ्याउभ्या, एकही चूक न करता, हेल्प मायसेल्फ!